आमची वाटचाल : सात मोठा का तीन मोठा?

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला २०२५च्या दसऱ्याला सतरा वर्षं झाली. पोरगं म्हणालं, "पप्पा, आपली वाटचाल लिहा की, सगळे लिहितात." लिहायला बसलो आणि उद्घाटनाच्या नारळाऐवजी डोळ्यांसमोर आले ते तासगावचे एक द्राक्षबागायतदार.

२०२२चा उन्हाळा. हंगाम संपलेला, बारावी झालेल्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला व्हॅलोरंट आणि जीटीए हे गेम खेळायचे होते. मी कोटेशन काढलं. इंटेलचा आय-३ १२१००एफ प्रोसेसर (मशीनचा मेंदू), बरा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, मध्यम ग्राफिक्स कार्ड. वडिलांनी कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि विचारलं,

"शेठ, सात मोठा का तीन मोठा?"

"सात."

"मग समोरचा दुकानवाला पंचवीस हजारात सात देतोय आणि तुम्ही पन्नासात तीन देताय. आमी काय शाळा शिकलो न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "काका, बेदाणा घेताना नुसता हिरवा आहे एवढंच बघता, का कोणत्या सालचा तेही विचारता? आय-७ ही जात झाली. साल त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. समोरच्यांचं आय-७ ३७७० हे २०१२चं आहे. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं. आमचं आय-३ यंदाचं आहे. कोर, म्हणजे काम करणारे हात, दोन्हीत चार आणि थ्रेड, म्हणजे एकावेळी चालणारी कामं, दोन्हीत आठ, पण मधे दहा वर्षं गेलीत." मुलाला पटलं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. काका उठले. काचेतून मी त्यांना रस्ता ओलांडताना बघत राहिलो.

आता सुरुवातीपासून.

२००८चा दसरा. मारुती चौकाच्या बाजूला दाजींच्या भांड्यांच्या दुकानात पुढचा ओटा आणि अर्धं कपाट, एवढीच आमची फर्म. भाडं नाही, दाजींना नफ्यात चार आणे. माल आणायला मी स्वतः मुंबईला, लॅमिंग्टन रोडवर जायचो. रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. जनरलच्या डब्यात मांडीवर सॅक आणि सॅकमध्ये लोकांचे पैसे. एकदा पुण्याच्या पुढे डुलकी लागली आणि मिरजेला उतरावं लागलं, पण सॅकचा पट्टा मनगटावरच होता.

तेव्हा सांगलीत गेमिंग म्हणजे कॅफेतलं काउंटर-स्ट्राइक. आणि आमच्या धंद्यातला पहिला मोठा वाद होता इंटेलचा ई ८४०० प्रोसेसर का क्यू ६६००? एकात दोन कोर, पण ३ गिगाहर्ट्झवर धावणारे. दुसऱ्यात चार, २.४वर. पोरं चार मागायची कारण चार दोनापेक्षा जास्त. मी कॅफेवाल्यांना ई ८४०० दिले, कारण त्या वेळच्या बहुतेक गेमना दोनाच्या वर कोर नीट वापरता येत नव्हते. एडिटिंगवाल्याला क्यू ६६०० दिला. बघा, दुकान उघडल्यापासून मी हेच सांगत आलोय. प्रोसेसर तुमच्या कामावर ठरतो, खोक्यावरच्या आकड्यावर नाही. गिऱ्हाईक बदललं, आकडे बदलले, भांडण तेच आहे.

२०१० ते २०१६ बरी गेली. कोरांच्या गणतीवर मीही एकदा फसलो. आठ कोरांचा एक प्रोसेसर भारंभार विकला आणि गेमिंगवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून "एकेक कोर किती जोरात पळतो" हे आधी बघायची सवय लागली. आणि त्याच सवयीनं २०१७ला मला खड्ड्यात घातलं.

१ जुलै २०१७ला जीएसटी लागला. बिलं कशी करायची यातच सगळे गुंतले होते. गणपतीच्या आधी पुण्याच्या एका डीलरचा माणूस आला. स्कीम होती. सातव्या पिढीचे आय-५ ७४०० तीस घेतले तर बोर्डांवर सूट, दिवाळीच्या गिफ्टला वेगळा कूपन. मी पतसंस्थेतून कर्ज काढलं. तीस प्रोसेसर, तीस बोर्ड, पावणेसहा लाख. त्या साली मार्चपासून एएमडी कंपनीचं रायझन आलं होतं, सहा कोरांचं रायझन ५ १६०० एप्रिलपासून बाजारात होतं, पण मी आठ कोरांचा पोळलेलो. म्हटलं, नकोच.

५ ऑक्टोबरला इंटेलची आठवी पिढी बाजारात आली. आय-५ला सहा कोर. सातवीच्या आय-५ला चार होते, आणि किंमत जवळपास तीच. दिवाळी १९ तारखेला. त्यात गंमत बघा, सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव तेच, एलजीए ११५१, पण नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. म्हणजे माझ्याकडचे बोर्डही गेले. नव्याचे स्वस्त बोर्ड यायला २०१८चा एप्रिल उजाडला, पण गिऱ्हाईक थांबलं ते ऑक्टोबरपासूनच. "शेठ, सहा कोर येतायत म्हणं, थांबतो जरा." दिवाळीत दोन सेट गेले. तीसपैकी दोन.

डीलरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं का?" त्याला नक्कीच माहीत होतं. जीएसटीच्या आधीचा माल घराबाहेर काढायचा होता, तो त्यानं माझ्या घरात टाकला. हे मी त्याला तेव्हाही बोललो आणि आजही कुठं भेटला तर बोलेन.

उरलेली अठ्ठावीस खोकी आमच्या पलंगाखाली आणि दिवाणात होती. बायको म्हणायची, पाहुण्यांना बसायला जागा नाही, आय-५ मात्र ऐसपैस बसलेत. दोन हप्ते थकले. दाजींनी त्यांचे चार आणे त्या वर्षी घेतले नाहीत आणि ताईला सांगूही नये म्हणाले. (ताई, आता वाचशीलच.)

वाचवलं ते मिरजेच्या डॉक्टरांनी. नर्सिंग होम चालवतात, वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं, आणि रात्री साडेदहानंतर विमान उडवतात. फ्लाइट सिम्युलेटर. पेशंट बघून झाले की कॉकपिट. ते दुकानात आले तेव्हा मी त्यांना काही बोललो नव्हतो, पण त्यांनी तोंड बघूनच विचारलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, चार कोर गेमला कमी पडत असतील, बिलिंगला कमी पडतात का? यात डिस्प्ले प्रोसेसरच्या आतच आहे ना? मग ग्राफिक्स कार्डही नको." आणि सहा मशीन घेतली. रिसेप्शन, मेडिकल, एक्सरे. त्यांच्या ओळखीतून आणखी दोन दवाखाने. मग माझं टाळकं चाललं. आठ सेट शाळांना, आणि शेवटचे चार मी कुणाला विकले असतील? ज्या पतसंस्थेचं कर्ज होतं त्यांनाच. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही आमच्याच पैशानं आम्हालाच गिऱ्हाईक केलं की ओ." २०१८च्या दिवाळीआधी फिटलं. नफा शून्य.

पुराबद्दल मी लांबण लावत नाही, सांगलीत प्रत्येकाकडं त्याची गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर, आमच्या दुकानात छातीभर. नुकतेच आलेले पाच रायझन ५ ३६०० आईनं तांदळाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवले होते. पाचही चालले. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र एकही वाचला नाही.

डॉक्टरांचं पुढं सांगतो, कारण प्रोसेसर कसा निवडावा हे मी त्यांच्या मशीनवरच शिकलो. २०१८ला त्यांना मी रायझन ५ २६०० आणि बी ४५० बोर्डाचं मशीन दिलं होतं. २०२०ला नवीन फ्लाइट सिम्युलेटर आला आणि विमान मुंबईवर आलं की अडखळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "कार्ड बदल, महागातलं दे." त्या काळात कार्ड म्हणजे सोनं, मला चांगले पैसे सुटले असते. मी रात्री त्यांच्या घरी गेलो, सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड लावला आणि कोपऱ्यातला आकडा दाखवला. तिथं लाल अक्षरात आलं, लिमिटेड बाय मेनथ्रेड. म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरचा एकच कोर घाम गाळतोय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसत होता. इथंच लोक फसतात. बारा थ्रेडमधला एकच जर पूर्ण भरला असेल तर एकूण आकडा कमीच दिसणार. मी सांगितलं, डॉक्टर, पैसे ठेवा, थांबू.

दीड वर्ष थांबलो. एप्रिल २०२२ला रायझन ७ ५८००एक्स३डी आला. कोर आठच, वेगही त्याच्या भावंडापेक्षा थोडा कमी, पण प्रोसेसरच्या डोक्यावर ६४ एमबीची जादा कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी) बसवलेली, एकूण एल-थ्री कॅश ९६ एमबी. सिम्युलेटरसारख्या गेमला सारखी बारीकसारीक माहिती लागते. ती रॅमपर्यंत आणायला वेळ जातो, ती हाताशी असली की कोर ताटकळत नाही. बोर्ड तोच. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, जुना काढला, नवा बसवला, पाऊण तासात विमान मुंबईवरून सरळ गेलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त कोल्हापूरला उतरेपर्यंत मला चहा न देता बसवून ठेवलं.

तो जुना २६०० काढताना मात्र माझ्या हातून घोळ झाला, तो लिहिलाच पाहिजे. मशीन थंड होतं. मधली पेस्ट सुकून कूलर प्रोसेसरला चिकटलेला. मी सरळ वर ओढला आणि लॉक बंद असतानाच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला. सात पिना वाकल्या. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, केसासारख्या. मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचं, मग कूलर डावी-उजवीकडं पिळत सोडवायचा, हे मी शंभर पोरांना शिकवलंय.

त्या रात्रीपासून माझ्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या एमएमची पेनपेन्सिल आहे. शिसं काढून टाकायचं. टोकाची पोकळ नळी पिनेवर अलगद चढवायची आणि अगदी थोडं, थोडं, थोडं सरळ करायचं. एकदम ओढली की तुटली. डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग, शेजारी टेबललॅम्प, आणि समोरच्या रांगेशी नजर लावून ओळ बघायची, शेतकरी सरी बघतो तशी. तो २६०० आजही आमच्या काउंटरच्या मशीनवर आहे.

आता समोरच्यांबद्दल. २०२१च्या जुलैच्या पुरानंतर समोरचा गाळा रिकामा झाला होता, दिवाळीत तिथं काच आली, आतून जांभळे दिवे. बाहेर पाटी : 'आय-७, १६ जीबी, २५,०००'. आत काय, तर जुनं ३७७०, एच-६१चा नवा चायना बोर्ड, जुन्या पिढीची डीडीआर-३ रॅम आणि चार रंगीत पंखे. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं, तेच दुखतं. दोन दिवाळ्या आमची गेमिंगची विक्री निम्म्यावर आली. माझी पोरं म्हणाली, आपणही दोन सेट तसे ठेवू. नाही ठेवले. आडमुठेपणा म्हणा.

तासगावचा मुलगा दिवाळीनंतर मशीन घेऊन माझ्याकडंच आला. कुणीतरी जुगाड करून विंडोज ११ टाकून दिलं होतं आणि व्हॅलोरंट उघडेना. विंडोज ११वर त्या गेमला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, त्या बोर्डात ते नाहीच. मी त्याला विंडोज १० घालून दिलं, ३०० रुपये घेतले आणि त्याच्या वडिलांना काहीही बोललो नाही. हे लिहितोय तेवढंच.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण रोज काउंटरवर हेच सांगतो. गेम अडखळतोय? रिझोल्यूशन कमी करून बघा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. फोरके, म्हणजे जास्त रिझोल्यूशनच्या, मॉनिटरवर निवांत खेळणार असाल तर प्रोसेसर मध्यम घ्या, पैसे कार्डात घाला. १०८० रिझोल्यूशनवर २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर लावून व्हॅलोरंट नाहीतर काउंटर-स्ट्राइक २ खेळणार असाल तर जादा कॅशवाला एक्स३डी घ्या, ७८००एक्स३डी किंवा त्यानंतरचा ९८००एक्स३डी. आणि नावामागं 'एफ' असलेला इंटेल घेतलात तर आत डिस्प्ले नसतो, कार्ड दुरुस्तीला गेलं की स्क्रीन काळी. रात्री दहाला फोन मलाच येतो. वीज आणि उष्णता विसरू नका. आय-९ १४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, ९८००एक्स३डीचं रेटिंग १२० वॉट. आमच्या दुकानात टेस्टिंगच्या टेबलावर मी मुद्दाम एसी लावलेला नाही. जतच्या पोराच्या खोलीत एप्रिलमध्ये एसी असतो का?

समोरच्यांकडं आता नवीन मालही मिळतो, रायझनसुद्धा. त्यांचा कामाचा पोरगा दोन-तीन महिन्यांतून एकदा रस्ता ओलांडून येतो, हातात फोममध्ये गुंडाळलेला प्रोसेसर. मालक स्वतः कधी आले नाहीत. मागच्या मंगळवारी रायझन ५ ५६०० आणला, अकरा पिना, दोन अगदी चपट्या. थंड मशीनचा कूलर ओढला असणार, मी विचारलं नाही. लॅम्प लावला, भिंग लावलं, पेन्सिल काढली. सव्वा तास गेला. पोरगा स्टुलावर बसून बघत होता, शेवटी म्हणाला, "काका, मला शिकवाल का हे?"

मी म्हटलं, "आधी चारशे दे. आणि पावती तुमच्या दुकानाच्या नावानं करतो."