तुम्ही विचारलंत म्हणून: वाचताना पाळी लावू नका

रविवारी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी मुलं वाचायला जमतात. त्यामुळं बरेच पालक मला गाठून विचारतात, "डिस्लेक्सिया असलेलं मूल आलं तर काय करता हो?" म्हणजे ज्याला अक्षरं जुळवून वाचणं अवघड जातं असं मूल. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. सगळ्यात आधी मी पाळी लावणं बंद केलं.

पाळी म्हणजे एकानं परिच्छेद वाचायचा, मग शेजारच्यानं. माझा मुलगा तिसरीत असताना बाकं मोजायचा. आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते हेरून तेवढाच घोकायचा. बाकीचा धडा त्याच्या कानावर पडायचाच नाही. हे त्यानं मला दोन वर्षांनी सांगितलं. त्या रात्री मी झोपले नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं त्या या गावात, मूल वर्गात बसलंय पण धडा त्याच्यापर्यंत पोचत नाही, हे मला सहन होत नाही.

आपली लिपी सोपी, असं आपण म्हणतो. पण 'किल्ला'मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. 'कर्म'मधला र डोक्यावर, 'क्रम'मधला पायाशी. घ आणि ध तर पटकन सारखेच दिसतात. अक्षर आणि आवाज यांची जोडी जुळवतानाच मूल दमतं. त्याचा हुशारीशी काही संबंध नाही.

म्हणून मी मोठ्यानं वाचते. कुणी ओळीखाली पट्टी धरतं, कुणी नुसतं ऐकतं. ऐकणं हेसुद्धा वाचनच, यावर मी ठाम आहे. ज्याला वाचून दाखवायचंय त्याला पान आदल्या आठवड्यात देते, झेरॉक्स मोठी करून. अडलं तर शब्द लगेच सांगायचा, ताटकळत ठेवायचं नाही. तज्ज्ञांकडून तपासणी मात्र करून घ्याच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही येते.

तालमीत जाणारा एक मुलगा महिनाभर भिंतीला टेकून नुसता बसायचा. एकदा खासबाग मैदानातल्या कुस्तीचं वाचत होते, तर मधेच उठला. "काकू, थांबा. धोबीपछाड असा नसतोय." मग शेजारच्याला उभं करून डाव दाखवला. जाताना म्हणाला, "त्यात पुढं काय लिवलंय? ते पान द्या की, मोठं करून."