चार्टवर ६/६, पण मायक्रोमीटर वाचता येत नाही

भोसरी एमआयडीसीला लागूनच माझं डोळे तपासायचं क्लिनिक आहे. ग्राइंडरचा कण, वेल्डिंगने आलेली चुरचुर, बुबुळावरचा ओरखडा हे रोजचंच. दिव्याखाली बघितलं की इजा दिसते. मला धास्ती वाटते ती डोक्याला मार लागून नजर बिघडलेल्यांची, कारण त्यांच्या फाइलीत सगळं ठीक लिहिलेलं असतं.

असेच एक दादा आले. व्हीएमसी (धातूचे सुटे भाग कापणारं संगणकी मशीन) ऑपरेटर, वय ३५. २०२३ मध्ये क्रेनचा हूक झुलून डोक्याला मागून लागला, थोडा वेळ शुद्ध हरपली. सीटी स्कॅन नॉर्मल. कंपनीने ज्या डॉक्टरांकडे पाठवलं त्यांनी चार्ट वाचून घेतला, दोन्ही डोळे ६/६, आणि कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. सोबत आलेल्या वहिनींचा गळा दाटून आला होता. "ताई, सुपरवायझर म्हणतो नाटक करतायत. घरी पेपर हातात घेतला की दोन मिनिटांत डोकं धरून बसतात हो."

मी पेनाचं टोक हळूहळू त्यांच्या नाकाजवळ आणलं. साधारण पाच-सात सेंटिमीटरपर्यंत ते एकच दिसायला हवं. त्यांना वीतभर अंतरावरच दोन दिसू लागलं. वाचताना खालची ओळ सापडेना. ड्रॉइंग, मशीनचा डिस्प्ले, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर अशी दिवसभर नजर फिरवणाऱ्या माणसाची ही गत! सहा मीटरवरची अक्षरं वाचता येणं म्हणजे समोरच्या एका ठिकाणचं बारीक दिसणं, एवढंच. दोन्ही डोळे जुळवून वळवणं, नजर नेमक्या जागी टेकवणं, कडेचं भान ठेवणं हा मेंदूचा कारभार. आणि मेंदूला सौम्य इजा झाली असताना सीटी नॉर्मल येणं अगदी नेहमीचं आहे.

अपघाताच्या वेळी दादांचा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही. त्यांना लागू झाला तेव्हाचा, १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. त्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती घटली याचे डोळ्यांसाठीचे आकडे ठरलेले होते: दुसरा डोळा चांगला असताना एकाची दृष्टी गेली तर ३० टक्के, डोळाच गेला तर ४०. मेंदूच्या अशा इजेला मात्र आकडाच नव्हता. कमाईची क्षमता किती टक्के घटली ते डॉक्टरांनी ठरवायचं. महिन्याचा पगार १५ हजारांहून कितीही जास्त असो, हिशेबाला तेव्हा १५ हजारच धरत. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला पस्तिशीचा गुणक १९७.०६. क्षमता शंभर टक्के गेली तर होतात १७,७३,५४० रुपये. म्हणजे डॉक्टरांच्या लेखणीतला दर १० टक्क्यांचा फरक १,७७,३५४ रुपयांचा! इतकं ज्यावर अवलंबून आहे ती तपासणी एका चार्टवर उरकणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मी आग्रह धरला की कंपनीशी संबंध नसलेल्या न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टना, म्हणजे मेंदूमुळे बिघडलेली नजर बघणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा, दृष्टिक्षेत्राची तपासणी करा, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या चाचण्याही करून घ्या. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी आहे, टक्केवारी लिहायचा अधिकार मला नाही. मी मोजमापं लिहून दिली. आणि डॉक्टरांना हातात काम नेमकं काय ते सांगा, असं बजावलं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराचं नुकसान १०० टक्के मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तोच प्रश्न इथे विचारायला हवा: या नजरेने व्हीएमसी चालवता येईल का?

दादांचा दावा नुकसानभरपाई आयुक्तांपुढे आहे. कायद्यात त्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती, आणि पहिले कित्येक महिने "आराम करा, बरं वाटेल" यातच गेले होते. तुमच्या घरात असं कुणी असेल तर थांबू नका. माझ्याकडे येताना मशीनसमोर उभं असतानाचा फोटो आणि रोजचं एखादं ड्रॉइंग आणा. मी त्याच अंतरावर नजर तपासून तसं लिहून देईन.