ऊन बघितल्याशिवाय कुंडी विकत नाही

मुलुंडमध्ये आम्ही नवरा-बायकोनं २०१२ साली घरगुती भाजीबागेचं काम सुरू केलं, तेव्हा भांडवल म्हणजे ह्यांचा पीएफ आणि सासूबाईंचा हात. सासूबाई देवगडच्या. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यांत मिरची, पानओवा, गवती चहा लावायच्या आणि कुणी मागितलं की फांदी मोडून द्यायच्या. तेच आम्ही पैसे घेऊन करतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पहिलं मोठं काम एका सोसायटीच्या गच्चीचं. २०० लिटरची पिंपं मधोमध कापून लाल मातीनं भरली. पावसात भिजलं की असं अर्धं पिंप दीडशे किलोच्या पुढे जातं, हा हिशोब आम्ही मांडलाच नव्हता. जुलैत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात पाणी ठिबकायला लागलं. दोष जुन्या वॉटरप्रूफिंगचा की आमचा, यावर सभेत दीड तास भांडण. पिंपं उतरवली आम्हीच, तीही जिन्यानं, कारण लिफ्टमध्ये मातीला बंदी. त्या वर्षीचा नफा हमालीत गेला.

मग कोकोपीटकडे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाकडे वळलो. ५ किलोची वीट भिजून सत्तरेक लिटर होते, म्हणजे टेम्पोऐवजी स्कूटरवर माल पोचतो. पण त्यात खार असतो. दोन-तीन पाण्यांत धुतलं नाही तर पानांच्या कडा करपतात. शिवाय रोपाला खायला त्यात जवळजवळ काहीच नसतं, म्हणून निम्मं तरी कंपोस्ट घालावंच लागतं. २०१७ मध्ये महापालिकेनं मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, आणि तयार झालेल्या खताचं करायचं काय, असा प्रश्न बऱ्याच सेक्रेटरींना पडला. आमचा सुटला.

खरी अक्कल मात्र उन्हानं शिकवली. सुरुवातीला जो मागेल त्याला टोमॅटो-मिरचीचं किट द्यायचो. जानेवारीत दक्षिणेच्या खिडकीत लगडलेली मिरची जूनमध्ये पिवळी पडायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, रोप खराब होतं. रोप ठीक असायचं. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तेवढे दिवस दक्षिणेच्या ग्रिलला थेट ऊन जवळपास मिळतच नाही, त्यात ढग. उत्तरेच्या खिडकीचं उलटं. तेव्हापासून आम्ही आधी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजताचे ग्रिलचे फोटो मागवतो. सहा तास ऊन असेल तर मिरची, टोमॅटो, वांगं. तीन-चार तास असेल तर मेथी, पालक, पुदिना, अळू. त्याहून कमी असेल तर स्पष्ट नाही म्हणतो. शेजारचा टॉवर उभा राहिला म्हणून दोन वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, असंही झालंय. त्याला इलाज नाही.

कोथिंबीर सगळ्यांना हवी असते आणि सगळ्यांना तीच रडवते. धणे अख्खे पेरू नका, चपलेखाली रगडून दोन फाका करा, मग पेरा. पावसात कुजते, मे महिन्यात लगेच फुलावर येते, दिवाळीनंतर घ्या. मेथी महिन्याभरात चुलीवर चढते, म्हणून नवख्यांना आम्ही तिच्यापासूनच सुरुवात करायला लावतो. मावा आणि पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल नि दोन थेंब साबण पुरतो. कबुतरांवर मात्र जाळीशिवाय औषध नाही. एकही नाही.

फ्लॅटमध्ये शेण-गोमूत्र-गुळाचं अमृतजल, म्हणजे पातळ खत, मुरवण्याचा प्रयोग आम्ही एकदाच केला. शेजाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी वॉचमन पाठवला. आता ते भांडुपच्या गाळ्यात करतो आणि दहापट पाणी घालून बाटलीतून देतो.

गेल्या जूनमध्ये एका आजोबांना दक्षिणेच्या खिडकीत टोमॅटो लावायचे होते, पैसेही हातात काढून ठेवलेले. मी म्हटलं, आजोबा, आत्ता पुदिना घ्या, टोमॅटोसाठी ऑक्टोबरात फोन करा. ते जरा रागावलेच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला.