आधी खड्डा, मग रस्ता

परवा भल्या पहाटे जमिनीखालची कचराकुंडी रिकामी होताना अगदी जवळून पाहिली. वर दिसतं ते फक्त कमरेएवढं तोंड. क्रेनचा हूक अडकला आणि फुटपाथचा चौकोनी तुकडा झाकणासारखा वर उचलला गेला, त्याच्याखाली लटकणारा भलामोठा लोखंडी डबा. डबा निघताच खड्ड्यात एक पत्रा आपोआप वर सरकला, कुणी आत पडू नये म्हणून. गाडीवर नेऊन डब्याच्या तळाची दारं उघडली, सगळा कचरा धाडकन खाली. सफाई कामगाराचा हात कचऱ्याला लागलाच नाही. मला सर्वांत जास्त भावलं ते हे.

कचरा जमिनीखालून हलवायची दुसरी पद्धत नळांची. साधारण अर्धा मीटर व्यासाचा नळ, टोकाला मोठे पंखे, आणि हवेच्या ओढीने पिशव्या ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने कचरा गोळा करायच्या केंद्राकडे. स्वीडनमधल्या सोलेफ्तिओच्या रुग्णालयात ही यंत्रणा १९६१ मध्ये बसली, न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर १९७५ पासून आहे. ऐकायला भारीच वाटतं. पण काचेने नळाची वळणं झिजतात, चुकून टाकलेली एखादी लांब काठी अडकली की मागचं सगळं तुंबतं, आणि पंख्यांना वीज लागते ती वेगळीच.

म्हणून वाढत्या शहराने आधी डब्यांचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. फिनलंडमध्ये १९९१ च्या सुमारास आलेली मोलोक या कंपनीची कुंडी तर अर्ध्याहून जास्त जमिनीत असते. उभी आणि खोल असल्याने कचरा स्वतःच्याच वजनाने दबतो, खाली गारवा असल्याने वासही कमी. ओल्या कचऱ्याचं पाणी मात्र तळाशी साचतंच. ते बाहेर झिरपू नये आणि पावसाचं पाणी आत शिरू नये, यावर खर्च करताना हात आखडू नये.

जुन्या वस्तीत खणायला गेलं की पाण्याची लाइन, गटार, केबल, काही ना काही लागतंच. नव्या वस्तीत ती जागा अजून मोकळी आहे. रस्त्याच्या नकाशातच कुंडीचा चौकोन आखा. वर तारा नकोत, फांद्या नकोत, क्रेनला हात पसरायला जागा हवी.

त्या पहाटे पुढची कुंडी भरून वाहत होती. तिला खेटून कुणीतरी कार लावलेली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि गाडी तशीच पुढे काढली.