तांब्याचा वॉटरब्लॉक, नोंद ३: पाया झाला, झाकण अर्ध्यावर

वॉटरब्लॉक म्हणजे संगणकाच्या चिपवर बसणारा, आतून पाणी फिरवून तिला थंड ठेवणारा ठोकळा. पायासाठी सी११० (जवळजवळ शुद्ध) तांबं, ६०×६०×६ मिमी. मधोमध ३०×३० मिमीचा उंचवटा ठेवून भोवतीचं ३ मिमी उतरवलं. मग ०.५ मिमी स्लिटिंग सॉने (पातळ गोल करवतीच्या पात्याने) १ मिमी अंतरावर २९ खाचा मारल्या; खाचांमध्ये उरलेल्या पातळ भिंती म्हणजे फिन.

उंचवटा लागतोच. ५० मिमी व्यासाचं पातं ३ मिमी खोल गेलं की खाचेच्या दोन्ही टोकांना साधारण १२ मिमीची कमान निघते. सपाट प्लेटमध्ये ही कमान ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) बैठकीखालून जाते आणि ब्लॉक गळतो. खाच मात्र २.९ मिमीवर थांबवायची. पूर्ण ३ घेतलं तर पातं बैठकीवर ओरखडे काढतं.

सी११० चिवट आहे, कीस पात्याच्या दातांत चिकटतो आणि खाचेच्या भिंती फाटतात. २०० आरपीएमच्या आत, रॉकेल-तेलाची धार सतत चालू, आणि एका वेळी १ मिमीच खोली. आधीच्या खाचांत मेण ओतून ठेवलं तर शेजारची फिन वाकत नाही. पातं डगमगत असेल तर ०.५ ची खाच ०.६ होते आणि फिन ०.४ वर येते, म्हणून डायल गेज लावून रनआउट (पात्याची डगमग) बघितल्याशिवाय सुरुवात करू नका. टेल्युरियम तांबं (थोडं टेल्युरियम मिसळलेलं) फार सोपं कापलं जातं आणि उष्णतावहनात थोडंच कमी पडतं. मिळालं तर तेच घ्यावं.

फिनखाली उरलेली पायाची ३ मिमी जाडी जास्त वाटेल. पण ३०×३० वर तांब्याचा एक जादा मिलिमीटर १५० वॅटला अर्धा अंशही वाढवत नाही, उलट लहान डायची (चिपच्या सिलिकॉन तुकड्याची) उष्णता पसरायला मदत होते. प्लेट वाकण्याचा धोका कमी होतो तो वेगळाच. पाया पातळ करण्यामागे लागण्यात अर्थ नाही.

हेच रेखाटन ॲल्युमिनियममध्ये उतरवलं तर फसतं. तांब्याची उष्णतावाहकता ३९० W/m·K च्या आसपास, ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची १६७. फिनकडून पाण्यात उष्णता जाण्याचा गुणांक १०,००० W/m²·K धरला तर ०.५ मिमी जाड, ३ मिमी उंच फिनची कार्यक्षमता तांब्यात ७८ टक्के येते, ६०६१ मध्ये ६१. टोकाचा भाग निम्म्याहून कमी काम करतो. तांब्याची बरोबरी हवी तर फिन १.२ मिमी जाड करा किंवा उंची २ मिमीवर आणा. दोन्हींत क्षेत्रफळ जातं. शिवाय रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर त्याच पाण्यात ॲल्युमिनियम ठेवूच नये, गॅल्व्हॅनिक गंजाने (दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असल्याने लागणाऱ्या) खड्डे पडतात.

झाकण ॲसेटल या कडक प्लास्टिकचं. भोवतीची कड ३ मिमीच उरल्यामुळे तांब्यात एम३ (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूचे आटे जेमतेम सहा बसतात, म्हणून स्क्रू खालून काउंटरसिंक करून आटे झाकणात १० मिमी खोल पाडलेत. ॲक्रिलिकमध्ये हे आटे तडकतात, तिथे पितळी इन्सर्ट हवेत. ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी आयसोप्रोपिलने पुसू नये. कापलेल्या कडांवर केसासारख्या भेगा येतात. साबणाचं पाणी पुरतं.

ॲसेटल तापल्यावर तांब्याच्या सहापट फुगतं. ६० मिमीला ३० अंशांत ०.१७ मिमीचा फरक पडतो, म्हणून तांब्यातली भोकं ३.४ मिमी ठेवली. ओ-रिंग २ मिमीची, खाच झाकणात: १.५ खोल, २.७ रुंद.

राहिलेलं काम: नळ्यांच्या जोडणीच्या जी १/४ आट्यांसाठी ११.८ मिमी ड्रिल करून टॅप मारणं, पायाची खालची बाजू काचेवर ८०० आणि १२०० च्या पेपरने सपाट करणं, मग ०.५ बार हवेने अर्धा तास गळती चाचणी.