आजोळचे कागद

आई जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातली, सांक्ट आंद्रेआसबर्गची. बाबा नागपूरहून जवळच्याच क्लाउस्टालला खाणकामाचं शिक्षण घ्यायला गेले, तिथे दोघांची गाठ पडली आणि आई सून होऊन नागपूरला आली. ती गेल्यावर तिचं माहेर बघायचं मनात घेतलं. कुणाला असंच जायचं असेल तर माझं ऐका: तिकीट नंतर काढा, जुन्या नोंदींसाठी अर्ज आधी टाका.

जर्मनीत जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं नोंदणी कार्यालयाकडे असते. तोवर ती थेट वंशजांसारख्या जवळच्या नातलगांनाच मिळते. मुदत संपली की कागद अभिलेखागारात जातात आणि कुणालाही पाहता येतात. आईच्या दाखल्यासाठी मी तिची मुलगी आहे हे दाखवणं भाग होतं. जर्मनी भारतीय अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं तो शिक्का, मानत नाही हे वाचून धडकी भरली होती, पण या कामाला महापालिकेच्या जन्मदाखल्याची प्रत आणि शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर चाललं. अडलं भलतीकडेच. माझ्या दाखल्यावर आईचं नाव सासरचं, लग्नात बदललेलं! हे असं का, ते तिथल्या बाईंना दोन ईमेलमधून समजावलं. विवाहनोंदणीत दोन्ही नावं होती म्हणून निभावलं.

आजोबांचा जन्म १९११चा, त्यामुळे ती नोंद अभिलेखागारातून सहज आली. त्या भागात सरकारी नोंदणी सुरू झाली ऑक्टोबर १८७४ पासून; त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. प्रोटेस्टंट चर्चच्या बऱ्याच वह्या आर्किऑन या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या बघता येतात. बघता येतात, वाचता येतीलच असं नाही. सगळं जुन्या कुरेंट लिपीत, आपल्या मोडीसारखं. अक्षरं गिरवत बसले तेव्हा कुठे नावं सुटायला लागली.

खरी गोष्ट मात्र निघाली धंद्याच्या रकान्यात. खापरपणजोबा खाणकामगार, त्यांचे वडील खाणकामगार, आणखी मागे गेलं तरी तेच. आजोबांच्या जन्मनोंदीत मात्र त्यांच्या वडिलांपुढे लिहिलंय जंगलमजूर. गावातली सामसोन ही चांदीची खाण १९१० मध्ये बंद पडली होती, म्हणजे आदल्याच वर्षी. घरात कुणी हे कधी बोललं नव्हतं. खाणीतून बाहेर पडलेल्या घरातली मुलगी, आणि तिने नवरा केला तो खाणीचा इंजिनिअर!

हे कागद हातात घेऊन गेले. गोस्लारपर्यंत रेल्वे, पुढे घाटातून बस. गावातले रस्ते इतके उभे की चढताना दम लागतो. सामसोन खाण आता संग्रहालय आहे. खाणीत उतरायची विहीर ८०० मीटरहून खोल, आणि वर-खाली सरकणाऱ्या दांड्यांवर पाय ठेवत कामगार उतरायचे ते यंत्र अजून चालतं. त्याच आवारात कॅनरी पक्ष्यांचंही संग्रहालय आहे. खाणकामगारांची घरं पक्षी पाळून आणि पिंजरे करून जोडधंदा करत.

आजोबांची कबर नव्हती. तिकडे जागा ठरावीक मुदतीने मिळते, साधारण २०-३० वर्षं. पुढे पैसे भरले नाहीत तर दगड काढून टाकतात. सोबत आईची चुलतबहीण होती, म्हणजे माझी मावशीच. ती अगदी सहज म्हणाली, "तिथे आता दुसरं कुणीतरी आहे." मला ते पचायला वेळ लागला. आणि ज्या जंगलात पणजोबा राबले, त्या डोंगरावरचे स्प्रूस २०१८च्या दुष्काळानंतर साल पोखरणाऱ्या किड्यांनी वाळवून टाकलेत. आईच्या फोटोंतला काळपट हिरवा उतार आता राखाडी खोडांचा आहे. मधूनमधून कोवळी झाडं उगवताना दिसली.

ओमाची, म्हणजे आईच्या आईची बाजू अजून बाकी आहे. तिचं माहेर शिअर्के, ब्रोकेन डोंगराच्या पायथ्याशी. अंतर फार नाही, पण मधून पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा गेलेली, त्यामुळे आईला लग्नाआधी ते गाव कधी पाहता आलं नाही. शिअर्के आता वेर्निगेरोडमध्ये मोडतं, म्हणून अर्ज तिथे पाठवलाय. या वेळी विवाहनोंदणी पहिल्याच ईमेलला जोडली आहे.