लाईट लागते, पण इंजिन हलत नाही

परभणीत मॉडेल रेल्वेचं इंजिन बिघडलं तर दाखवायला दुकान नाही. सगळा दवाखाना फोनवर. आणि फोनवरचा डॉक्टर पहिलं औषध सांगतो ते रिसेट. माझ्याकडे यंदा लागोपाठ दोन इंजिनं रुसली. एकाला रिसेटची गरजच नव्हती, दुसऱ्याला त्याशिवाय इलाज नव्हता. फरक कळला तो आधी इंजिनातल्या सेटिंग वाचून पाहिल्या म्हणून.

माझी मांडणी साधी आहे. एचओ स्केल, म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. (आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर याच मापात आणले तर एकोणीसच्या वर जातात. जाणकार नाक मुरडतात, मुरडू द्या.) कमांड स्टेशन, म्हणजे इंजिनांना हुकूम पाठवणारं यंत्र, घरीच जोडलंय: आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर रुळांना वीज देणारं मोटर शील्ड, आणि डीसीसी-ईएक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर जेएमआरआय, म्हणजे इंजिनांच्या सेटिंग वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कंट्रोलच्या या पद्धतीत, रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असतं आणि हुकूम त्याच विजेतून जातात. प्रत्येक हुकमाला पत्ता असतो, म्हणजे इंजिनाचा नंबर. ज्याचा पत्ता, तोच डिकोडर, म्हणजे इंजिनातली चिप, ऐकतो.

पहिलं इंजिन जुनं, दुसऱ्याच्या हातून आलेलं. रुळावर ठेवलं, पत्ता टाकला, तर भाचा ओरडला, "मामा, लाईट लागायलीय, पण इंजिन हलंना!" जालन्याच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "सीव्ही ८ मध्ये ८ टाक अन् मोकळा हो." म्हणजे रिसेट कर. (सीव्ही म्हणजे डिकोडरमधले नंबर दिलेले कप्पे, प्रत्येकात एका सेटिंगचा आकडा.)

मला ते पटेना. लाईट हुकमासरशी लागते-विझते, म्हणजे पत्ता बरोबर आहे, वीज पोचतेय, डिकोडर जिवंत आहे. मग फक्त वेगाचाच हुकूम का पाळत नाही? म्हणून इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर घेतलं. हा रुळाचा वेगळा तुकडा, त्यावर एका वेळी एकच इंजिन. इथे डिकोडरला बोलता येत नाही. विचारलेली गोष्ट बरोबर असेल तर तो मोटरला क्षणभर वीज देतो, साधारण ६ मिलिसेकंद, निदान ६० मिलिअँपिअर. स्टेशन ती वाढ टिपतं. जवळ वाकून पाहिलं तर इंजिन जागच्या जागी बारीक बारीक दचकताना दिसतं. माझं दचकेच ना. चाकांवर काळा थर होता, आमच्याकडच्या धुळीची आणि तेलाची मेणचट पुटी. मोबाईल रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापसाच्या काडीने चाकं पुसली, आणि दचके सुरू झाले.

सीव्ही १९ वाचला: १२. तिथेच सगळं होतं. सीव्ही १९ म्हणजे डबलहेडिंगचा पत्ता. आधीच्या मालकाने हे इंजिन दुसऱ्याबरोबर जोडीने पळवलं असणार. त्यात शून्याखेरीज काही असलं की डिकोडर वेगाचे हुकूम फक्त जोडीच्या पत्त्यावर घेतो. लाईट मात्र अनेकदा स्वतःच्या पत्त्यावर लागत राहते. १९ मध्ये ० लिहिलं आणि इंजिन निघालं. रिसेट केलं असतं तरी निघालंच असतं, पण मालकाने घासून बसवलेली वेगाची सगळी जुळणी पुसून.

दुसऱ्याचं प्रकरण वेगळं. त्याचा स्पीड टेबल, म्हणजे कुठल्या पायरीला किती वेग याचा तक्ता, लिहीत होतो, सीव्ही ६७ ते ९४, आणि मध्येच लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, स्टेशन बंद. लाईट आल्यावर इंजिन स्वतःच्या पत्त्यावर ऐकेना, कारखान्यातून येतो त्या ३ वरही ऐकेना. वाचलं तर सीव्ही २९ मध्ये २५५, आणखी दोन-तीन ठिकाणी तेच. सीव्ही ८ मात्र बरोबर आला. तो कंपनीचा क्रमांक असतो, म्हणजे डिकोडर मेलेला नाही, आतला हिशोब विस्कटलाय. इथे रिसेट.

सीव्ही ८ खरं तर फक्त वाचायचा. पण बऱ्याच कंपन्यांनी त्यात ८ लिहिणं म्हणजे रिसेट, अशी सोय ठेवलीय. काहींचं सीव्ही ३० मध्ये २ असतं, तेव्हा डिकोडरचं पत्रक आधी बघा. ८ लिहिल्यावर जेएमआरआयने लाल अक्षरांत तक्रार केली, तिकडे लक्ष दिलं नाही. रुळाची वीज पूर्ण बंद केली, थोडं थांबून चालू केली. कीप-अलाइव्ह, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा, कपॅसिटर असेल तर जास्त थांबावं लागतं, तो रिकामा होईपर्यंत डिकोडर जागाच असतो. मग पत्ता ३ टाकला आणि इंजिन चाललं.

पुढे पत्ता परत द्यायचा. मला ६८५९ हवा होता. २५६ ने भागलं तर २६ वेळा जातं, बाकी २०३. म्हणून सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक २६, म्हणजे २१८; सीव्ही १८ मध्ये २०३; आणि मोठा पत्ता वापर हे सांगायला सीव्ही २९ मध्ये ३८. जेएमआरआय हे स्वतः करतं, पण एकदा हाताने केलं की कुठे काय अडतं ते समजतं. हॉर्न आणि इंजिनाचा आवाज शाबूत होता, फक्त व्हॉल्यूम कारखान्यातला, म्हणजे घर डोक्यावर घेणारा.

आता नवं इंजिन आलं की आधी त्याचे सगळे सीव्ही वाचून जेएमआरआयच्या रोस्टरमध्ये, म्हणजे इंजिनांच्या यादीत, ठेवतो. आवाजाचा डिकोडर असला की याला इतका वेळ लागतो की तोवर जेवण उरकतं. स्टेशनचा अडॅप्टरही इन्व्हर्टरच्या बोर्डावर नेलाय. जालन्याचा मित्र अजून रिसेटच सांगतो.